रेडीमेड ‘क्लिनिक सेट’: छोट्या गावात दवाखाना टाकणाऱ्याने काय घ्यावं, काय सोडावं

एमबीबीएस संपत आलंय, इंटर्नशिप चालू आहे आणि नीट-पीजीच्या रांगेत उभं राहण्याऐवजी सिन्नर, येवला, कळवण किंवा नांदगावसारख्या गावात फॅमिली प्रॅक्टिस करावी असं मनात घोळतंय. अशा मुलामुलींना पहिली भेट होते ती सर्जिकलच्या दुकानातल्या ‘क्लिनिक सेट’शी. नाशिकला आरोग्य विद्यापीठ आहे, मेडिकल कॉलेजं आहेत, गोळे कॉलनीत औषधांची घाऊक बाजारपेठ आहे. त्यामुळे दवाखान्याची खरेदी म्हटलं की जिल्ह्यातला माणूस नाशिकलाच येतो. दुकानदार एका कागदावर यादी आणि खाली एकच आकडा लिहून देतो: तपासणी टेबल, पायरी, पडदा, सलाईन स्टँड, बीपीचं मशीन, थर्मामीटर, वजनकाटा, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, वाफेचं मशीन, उकळायचा स्टरलायझर, साहलीचा हिमोग्लोबिनमीटर, किडनी ट्रे, चिमटे, हातोडी, टॉर्च. हा सेट घेण्यासारखा आहे का?

निम्मा आहे. फर्निचर आणि स्टीलची भांडी बिनधास्त घ्या. मोजमापाची साधनं मात्र सेटमधून काढायला लावा आणि एकेक पारखून घ्या. आणि सेटमध्ये जे नसतंच, म्हणजे ईसीजी, ऑक्सिजन, तातडीच्या औषधांचा ट्रे, फ्रिजमधला थर्मामीटर, त्यासाठी निम्मे पैसे आधीच बाजूला काढा. सेट बनतो तो दवाखाना दिसायला भरलेला असावा म्हणून. गावात फॅमिली डॉक्टरचं काम दोन गोष्टींवर चालतं: तोच माणूस वर्षानुवर्षं येत राहतो म्हणून आकडे भरवशाचे लागतात, आणि मोठं हॉस्पिटल लांब असतं म्हणून पहिला अर्धा तास आपल्यालाच सांभाळावा लागतो. सिन्नरहून नाशिक ३० किलोमीटरच्या आसपास, येवल्याहून ८० च्या वर, आणि सुरगाण्याहून तर घाटाचा रस्ता. खरेदी ह्या अंतराकडे बघून करायची.

फर्निचरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टेबलाचे पाय जाड पाइपचे हवेत, गादीला शिवण कमी हवी, कारण शिवणीतच घाण बसते, आणि डोक्याकडची बाजू उचलता आली पाहिजे. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला आडवं झोपवता येत नाही. पडदा जरूर घ्या, तोही चारपाती. छातीचा ईसीजी काढताना बाईमाणसाला आडोसा नसेल तर ती ‘नको’ म्हणून निघून जाते आणि हार्ट अटॅक तसाच घरी जातो.

आता बीपीचं मशीन. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पाऱ्याची मशीनं मागे पडली, त्यामुळे सेटमध्ये घड्याळवालं अ‍ॅनेरॉइड किंवा स्वस्तातलं डिजिटल येतं. अ‍ॅनेरॉइडची सुई शून्यावर आहे म्हणजे मशीन बरोबर आहे असा समज सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. आतली स्प्रिंग थकली की सुई शून्यावर परत येते, पण १६० च्या जागी १४८ दाखवते. दुकानात तपासायची पद्धत सोपी आहे: वाय आकाराची नळी जोडून नवं मशीन आणि खात्रीचं मशीन एकाच बल्बने फुगवायचं आणि ६०, १००, १४०, १८०, २२० ह्या आकड्यांवर दोन्ही वाचायची. कुठेही ४ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर ते परत करा. मग कफ एका कडक बाटलीभोवती गुंडाळून २०० पर्यंत फुगवा, वॉल्व्ह बंद करा आणि मिनिटभर बघा. सुई पाचसहा मिमीपेक्षा खाली सरकली तर नळीत, बल्बमध्ये किंवा जोडात गळती आहे. हीच तपासणी दवाखान्यात दर सहा महिन्यांनी करायची. मशीन टेबलावरून पडलं तर त्याच दिवशी करायची.

कफकडे तर कुणी बघतच नाही. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. सेटमध्ये एकच कफ येतो. बाजारात बऱ्याच डिजिटल मशीनसोबत मिळणारा कफ २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. आता बाजारपेठेतला भरल्या अंगाचा दुकानदार आला, दंड ३६ सेंटिमीटर, तर तो कफ बीपी खोटं वाढवून दाखवणार आणि माणसाला नको असलेली गोळी आयुष्यभर लागणार. उलट कांद्याच्या खळ्यावर राबणारी कृश बाई आली तर मोठा कफ बीपी कमी दाखवेल. म्हणून तीन कफ घ्या: लहान प्रौढ, नेहमीचा आणि मोठा. दुकानात मोठा कफ नसेल तर मागवून घ्या, पण त्याच्याशिवाय मशीनचे पैसे देऊ नका. दंड मोजायला शिंप्याची टेप टेबलाच्या खणात ठेवा.

डिजिटल वाईट नाही. उलट गर्दीच्या दिवशी, कंपाउंडरच्या हातात, ते माणसापेक्षा प्रामाणिक असतं, कारण ते आकडा ‘१२०/८०’ असा गोल करत नाही. फक्त नाडी अनियमित असेल तर त्याच्यावर विसंबू नका, तिथे हाताने मोजायचं. दोन्ही मशीनं लागतील. आणि मशीन कितीही चांगलं असलं तरी माणूस पाच मिनिटं टेकून बसलेला, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला आणि अर्ध्या तासात चहा-तंबाखू न घेतलेला हवा. एक रीडिंग घेऊन औषध सुरू करू नका. मिनिटभराने दुसरं घ्या आणि शंका असेल तर पुढच्या आठवडे बाजारी बोलवा. गावात तारखेपेक्षा बाजाराचा वार लक्षात राहतो.

स्टेथो तुमच्याकडे आहेच, सेटमधला घेऊ नका. चांगला नवा घ्यायचा असेल तर मान्यवर कंपनीचा घ्या आणि छातीवर ठेवायच्या भागाच्या दांडीवर अनुक्रमांक कोरलेला आहे का ते बघा, बनावट माल भरपूर फिरतो. पल्स ऑक्सिमीटर बोटाचा पुरतो, पण नुसता आकडा दाखवणारा नको, लाट दाखवणारा घ्या. लाट स्थिर आणि एकसारखी दिसेपर्यंत आकडा लिहायचा नाही. गार बोटं, काळी मेंदी, नेलपॉलिश असेल तर आकडा फसवा येतो. तान्ह्या बाळाला बोटाचा क्लिप बसत नाही, त्याचा प्रोब वेगळा. कपाळावर धरायचं बंदुकीसारखं थर्मामीटर मात्र सेटमधून काढून टाका. ताप आहे की नाही हे ठरवायला काखेतलं डिजिटल थर्मामीटर जास्त भरवशाचं.

ग्लुकोमीटरचं यंत्र फुकटात दिलं तरी हुरळून जाऊ नका, खर्च स्ट्रिपचा आहे. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: स्ट्रिप तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळते का, डबी उघडल्यावर ती किती महिने चालते, आणि यंत्र सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसतं का. त्या मानकाप्रमाणे १०० च्या खालच्या साखरेला १५ मिग्रॅ आणि वरच्या साखरेला १५ टक्के इतकी चूक चालते, म्हणजे २०० ची साखर १७० ते २३० काहीही दिसू शकते. हे माहीत असेल तर एका रीडिंगवरून डोस बदलण्याचा मोह होत नाही. पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की स्ट्रिप दमट होऊन बिघडते. आणि निफाड, दिंडोरी पट्ट्यासाठी खास: द्राक्षं हाताळलेल्या बोटावर रस सुकलेला असेल तर साखर खोटी वाढून येते, कधी कधी शंभरावर. स्पिरिटच्या बोळ्याने ते निघत नाही. साबण-पाण्याने हात धुऊन, पूर्ण कोरडा करूनच टोचा. टेबलापाशी बेसिन हवं ते ह्यासाठीसुद्धा.

रक्त कमी असलेल्या माणसात बरीच ग्लुकोमीटरं साखर जास्त दाखवतात, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी पाड्यांवर रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही भेटतात. म्हणून हिमोग्लोबिन नीट कळणं गरजेचं. सेटमधला साहलीचा मीटर त्यासाठी उपयोगाचा नाही. आम्ल घालून दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत डोळ्याने रंग जुळवायचा. गर्दीत हे कुणी नीट करत नाही आणि दोघांनी वाचलं तर दोन आकडे येतात. त्याचे पैसे वजा करायला लावा आणि स्ट्रिपवर चालणारा डिजिटल हिमोग्लोबिनमीटर घ्या, किंवा गावातल्या लॅबशी ठरवून घ्या.

वजनकाटे दोन हवेत, आणि बाळाचा काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मुलांचा प्रत्येक डोस वजनावर जातो. पॅरासिटामॉलचंच बघा: १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ म्हणजे १५० मिग्रॅ. हे ५ मिलीला १२५ मिग्रॅच्या सिरपमध्ये ६ मिली होतं, २५० च्या सिरपमध्ये ३ मिली, आणि मिलीला १०० मिग्रॅच्या ड्रॉप्समध्ये दीड मिली. आई घरी सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स आणते आणि तेच ६ मिली पाजते, म्हणजे एका वेळी ६०० मिग्रॅ. चिठ्ठीवर औषधाचं नाव, बाटलीवरचा आकडा आणि मिली, तिन्ही लिहा, आणि मोजायला चमच्याऐवजी सुई नसलेली सिरिंज द्या. सिरिंजचा खोका घाऊक बाजारात स्वस्त पडतो.

आता ईसीजी. सेटमध्ये नसतो, आणि ‘नंतर घेऊ’ म्हणून राहून जातो. आमच्या मते टेबलाच्या आधी ईसीजी घ्यावा. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा, आणि गावात ते दुसरं कुणी करणार नसतं. सिंगल चॅनेल मशीन स्वस्त असतं, पण एकेक लीड (ईसीजीच्या बारा नोंदींपैकी एक) कापून चिकटवत बसावं लागतं आणि फोटो काढून हृदयरोगतज्ज्ञाला पाठवला तर त्यांना काही नीट दिसत नाही. तीन चॅनेल किंवा जमलं तर बारा चॅनेलचं घ्या, पण बॅटरीवर चालणारं घ्या. दुकानात प्लग काढून, बॅटरीवर, कुणाचा तरी पूर्ण ईसीजी काढून बघा. सुरुवातीची चौकोनी खूण १० मिमी उंच आली पाहिजे, कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी असला पाहिजे. मग मुद्दाम दोन हातांचे लाल आणि पिवळा चिमटे उलटे लावून काढा: लीड वन उलटी होते आणि एव्हीआर ही लीड सरळ होते. हे चित्र एकदा डोळ्यात बसलं की पुढे कंपाउंडरने घाईत उलटे लावलेले चिमटे लगेच ओळखू येतात आणि खोट्या निदानाने रुग्ण नाशिकला धावत नाही.

छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड वर लागणं ही दुसरी नेहमीची चूक. चौथी फासळीमधली जागा हाताने मोजायची, अंदाजाने नाही. छातीच्या हाडावरचा उंचवटा शोधा, तिथे दुसरी फासळी जोडलेली असते, तिच्या खालची जागा दुसरी, तिथून दोन जागा खाली. रेघ करवतीसारखी बारीक थरथरली तर आधी अर्थिंग बघा. जुन्या गाळ्यात अर्थिंग असतंच असं नाही, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून ते करून घेणं हा मशीनइतकाच आवश्यक खर्च आहे. फिल्टर लावून थरथर घालवता येते, पण त्यात रेघेचे बारीक बदलही पुसले जाऊ शकतात. मशीनने छापलेलं निदान वाचा, पण त्यावर विसंबू नका. थर्मल कागद काही महिन्यांत फिका पडतो, म्हणून प्रत्येक ईसीजीचा सपाट, पूर्ण पान दिसेल असा फोटो काढून नाव आणि वेळेसह ठेवा. पुढच्या वेळी तोच माणूस छातीत दुखतंय म्हणून आला की जुना ईसीजी शेजारी ठेवता येणं ही फॅमिली डॉक्टरची ताकद आहे, शहरातल्या कॅज्युअल्टीकडे तो नसतो. कागदाचे रोल किमान पाच एकदम घ्या, आणि रोलची रुंदी मशीनवर लिहून चिकटवा.

वाफेचं मशीन घ्यायचं तर कॉम्प्रेसरचं, अल्ट्रासॉनिक नको, कारण त्यात दम्यावरच्या ब्युडेसोनाइडचं द्रावण नीट उडत नाही. कपात एकूण ३ ते ५ मिली द्रव असावा, ५ ते १० मिनिटांत संपावा. पंधरा मिनिटं लागत असतील तर फिल्टर किंवा कप बदलायला झालाय. खरं तर दम्याच्या बहुतेक रुग्णांना स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इनहेलरचे ४ ते ८ पफ तितकंच काम करतात, आणि तेच घरी करता येतं. दोन स्पेसर जरूर घ्या, एक लहान मास्कसह. ‘वाफ घेतल्याशिवाय बरं वाटत नाही’ ही सवय दवाखान्यांनीच लावली आहे.

ऑक्सिजनसाठी बी टाइपचा सिलेंडर पुरतो. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर वायू असतो, म्हणजे मिनिटाला ५ लिटरने पाच तास आणि १० लिटरने अडीच तास. गेज निम्म्यावर आलं की वेळही निम्मा. हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर स्वस्त वाटतो, पण वीज गेली की तो निव्वळ डबा. सिलेंडरसोबत चावी, जादा वॉशर आणि मास्क घ्या, चावी साखळीने सिलेंडरलाच बांधा, भिंतीला पट्टा मारून सिलेंडर उभा ठेवा. वॉल्व्ह घट्ट झाला म्हणून तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. सोमवारी सकाळी दवाखाना उघडल्यावर गेज बघायची सवय कंपाउंडरला लावा.

तातडीचा ट्रे गोळे कॉलनीतून भरायचा. इथे सेटवाला तुम्हाला ‘इमर्जन्सी किट’ म्हणून प्रत्येकी दोन-दोन अ‍ॅम्प्युल देतो. ते पुरत नाही. अ‍ॅड्रेनालिन किमान दहा घ्या. इंजेक्शनने रिअ‍ॅक्शन आली तर प्रौढाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी परत. मुलांना किलोमागे ०.०१ मिली. नॉरअ‍ॅड्रेनालिनचं अ‍ॅम्प्युल दिसायला तसंच असतं, खोका घेताना लेबल वाचा. रंग तपकिरी झालेलं टाकून द्या. अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतरची औषधं आहेत, आधी अ‍ॅड्रेनालिन.

अ‍ॅट्रोपिनचं गणित वेगळं सांगायला हवं. आपल्याकडचं अ‍ॅम्प्युल ०.६ मिग्रॅचं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेल्या प्रौढाला पहिला डोस ३ मिग्रॅ धरला तर ५ अ‍ॅम्प्युल. छाती कोरडी झाली नाही तर पाच मिनिटांनी दुप्पट, म्हणजे १०, आणखी पाच मिनिटांनी २०. दहा मिनिटांत ३५ अ‍ॅम्प्युल फुटतात. किटमधल्या दोनाने काय होणार? द्राक्ष आणि टोमॅटोच्या पट्ट्यात दवाखाना असेल तर पूर्ण खोका हवा. लक्ष डोळ्याच्या बाहुलीवर ठेवू नका: छातीतला घरघर आवाज जाणं, नाडी ८० च्या वर आणि वरचं बीपी ८० च्या वर, हे गाठायचं आणि तेवढ्यात १०८ बोलवायची. हातमोजे आणि साबणाची सोय आधी, कारण कपड्यावरचं औषध कातडीतून जातच राहतं. ऑक्टोबर छाटणीनंतर मात्र एक वेगळा रुग्ण येतो: द्राक्षवेलीच्या डोळ्यांवर (कोंब फुटतात त्या जागी) हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावलेली, संध्याकाळी दारू घेतलेली, आणि आता चेहरा लालबुंद, धडधड, धाप, बीपी खाली. ही दारू आणि सायनामाइडची गाठ आहे, अ‍ॅट्रोपिनने ती सुटत नाही. झोपवणं, पाय वर, सलाईन, ऑक्सिजन, आणि पेस्टिंगच्या दिवसांत दारू घेऊ नका हे मजुरांच्या टोळीला आधीच सांगून ठेवणं.

सर्पदंशासाठी काचेच्या नव्या, कोरड्या टेस्ट ट्यूबचा एक छोटा खोका घ्या. २ मिली रक्त ट्यूबमध्ये घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात उतरलंय असं समजायचं. ट्यूब साबणाने धुतलेली असेल किंवा प्लॅस्टिकची असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल चुकतो. पण ह्या २० मिनिटांसाठी गाडी थांबवून ठेवू नका, ट्यूब सोबत द्या, वर वेळ लिहून. मण्यार आणि नाग चावला असेल तर रक्त गोठणारच, तिथे पापणी पडते का ते बघायचं. विषाची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, सुरुवातच ८ ते १० वायलनी होते आणि तिची रिअ‍ॅक्शन सांभाळायला भरती लागते. दवाखान्यात एक-दोन वायल ठेवून काही साधत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात साठा कुठे असतो आणि रात्री कोण असतं, ते नंबरसह भिंतीवर लावा.

उकळायचा स्टरलायझर सेटमधून काढून टाका. उकळत्या पाण्यात जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. लहान उभा ऑटोक्लेव्ह घ्या: आधी आतली हवा वाफेने पूर्ण बाहेर जाऊ द्या, मग १५ पौंड दाब आणि १२१ अंशांवर उघडी हत्यारं १५ मिनिटं, ड्रममध्ये गुंडाळलेली ३० मिनिटं. हवा आत अडकली तर दाब दिसतो पण तापमान गाठलं जात नाही, बहुतेक बिघाड इथेच असतो. ड्रमवर चिकटवलेल्या खुणेच्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे फक्त उष्णता लागली, निर्जंतुक झालं असं नाही. नीडल कटर आणि सुई आरपार न जाणारा पांढरा डबा त्याच दिवशी घ्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि बेड नसलेल्या दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी एकदाच घ्यावी लागते. कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार आधी करा, तुमच्या गावात त्यांची गाडी कोणत्या वाराला येते ते विचारूनच.

लसी आणि इन्सुलिन ठेवायचं असेल तर घरगुती फ्रिज चालतो, पण दोन ते आठ अंशांचा थर्मामीटर आत हवा आणि दिवसातून दोनदा आकडा वहीत हवा. दारातल्या कप्प्यात काही ठेवायचं नाही, फ्रीझरच्या लगेच खालीही नाही. धनुर्वात, डीपीटी गट, हिपॅटायटिस बी ह्या लसी गोठल्या की बाद होतात, आणि गोठून परत वितळलेली लस नुसती बघून ओळखू येत नाही. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर लोडशेडिंगमध्ये गारवा टिकतो. नाशिकहून लस नेताना खरेदीच्या शेवटी घ्या. आइस पॅक फ्रीझरमधून काढून थेट डब्यात टाकू नका. त्याला घाम फुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबा, नाहीतर पॅकला टेकलेली वायल वाटेतच गोठते.

बिलाचा भाग कंटाळवाणा असला तरी महत्त्वाचा. एकरकमी आकडा मान्य करू नका, वस्तूनिहाय दर मागा. मग कळतं की पायरीवर फायदा कमी आणि बीपी मशीनवर जास्त धरलाय. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक पक्क्या बिलावर आणि वॉरंटी कार्डावर दोन्हीकडे हवा. ‘सर्व्हिस आमच्याकडे’ म्हणजे कुठे, हे विचारा: ईसीजी बिघडला तर तो कंपनीच्या केंद्रात जाणार की दुकानात पडून राहणार, आणि तोवर बदली मशीन देणार का. औषधं घेताना बॅच आणि मुदत बिलाशी ताडून बघा. आपल्याच रुग्णांना औषध देण्याची मुभा नोंदणीकृत डॉक्टरला आहे, दुकान उघडून विकण्याची नाही.

सेटसोबत ‘मोबाइलला जोडायचा सोनोग्राफीचा प्रोब’ सुचवला गेला तर नको म्हणा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय कोणतंही सोनोग्राफी यंत्र जवळ ठेवता येत नाही, ते खिशात मावत असलं तरी. बेड टाकून रुग्ण भरती करायचे असतील तर नर्सिंग होमची वेगळी नोंदणी लागते. सुरुवातीला त्यात पडूच नका.

ज्यांचं अजून ठरत नाहीये, त्यांनी एकही रुपया खर्च न करता हीच यादी इंटर्नशिपमध्ये वापरावी. कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये ग्रामीण केंद्रावर जाल तेव्हा ईसीजी सिस्टरकडून काढून न घेता स्वतः लावा, फ्रिजची वही बघा, ऑटोक्लेव्ह स्वतः चालवा, डायबेटिसच्या रुग्णाच्या तळव्याला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा धागा) लावून बघा. तो धागा सेटमध्ये कधीच नसतो, किमतीला किरकोळ असतो, आणि पुढे पाय कापला जाण्यापासून वाचवतो. ही कामं करताना हात रमला तर प्रॅक्टिस जमेल. फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी (पदव्युत्तर शिक्षण) करून मग गावात बसण्याचा रस्ताही आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी तो घ्यावा असं आम्ही सुचवू.

आणि जे लगेच सुरू करणार आहेत त्यांच्यासाठी क्रम असा: पहिल्या फेरीत ईसीजी, दोन बीपी मशीनं तीन कफांसह, ग्लुकोमीटर, दोन वजनकाटे, ऑक्सिजन, तातडीचा ट्रे, नीडल कटर, साधं टेबल आणि पडदा. ऑटोक्लेव्ह जखमा शिवायला सुरुवात करण्याआधी. फ्रिज लसीकरण सुरू करण्याआधी महिनाभर, म्हणजे रिकामा चालवून त्याचं तापमान कळतं. कान बघायचा ऑटोस्कोप तीन महिन्यांत, एलईडीचा, २.५ आणि ४ मिमीच्या नळ्यांसह. बाहेरच्या खुर्च्या, फलकावरचे दिवे आणि एसी पहिला उन्हाळा काढल्यावर.